वाचकांचे प्रश्न : मागे डिस्क बसवली, आता चाक घासतंय

पावसाळा सरला की गाड्यांची रखडलेली कामं निघतात. यंदा आलेल्या पत्रांत मागच्या ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक करून घेतलेल्यांची पत्रं बरीच आहेत आणि तक्रारही बहुतेकांची सारखीच: ब्रेक लागतो चांगला, पण कुठेतरी काहीतरी घासतंय. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, आणि कॅलिपर म्हणजे ब्रेक दाबल्यावर तिला दोन्ही बाजूंच्या पॅडांनी पकडणारा भाग.)

प्रश्न : माझ्या जुन्या मारुती जिप्सीला मागे डिस्क ब्रेकचा किट बसवून घेतला. १५ इंची लोखंडी रिमं मूळचीच आहेत. चाक फिरवलं की कॅलिपरजवळ खरखर येते. मेकॅनिकने कॅलिपरच्या चौकटीमागे दीड मिलिमीटरचे वॉशर घातले, तरी फरक नाही. आता तो म्हणतो, ग्राइंडरने कॅलिपर थोडा घासू, नाहीतर १० मिलिमीटरचा स्पेसर (चाक बाहेर सरकवायला त्याच्यामागे घालायची चकती) टाकू. यातलं काय करावं?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ग्राइंडर आधी बाजूला ठेवायला सांगा. डिस्कवरून पलीकडे जाणारा कॅलिपरचा जो पूल असतो, ब्रेक दाबल्यावर सगळा ताण त्याच्यावर येतो. पिस्टन एका बाजूने ढकलतो, तेव्हा हा पूल उघडायला बघतो. तिथली २ मिलिमीटर धातू काढली तर तो जास्त वाकतो, पेडल मऊ लागतं आणि गरम-थंड होत होत एक दिवस त्या जागी तडा जातो. रिम आतून घासणंही तितकंच वाईट. मागचा ब्रेक हा प्रयोग करायचा भाग नाही.

नेमकं काय घासतंय हे आधी ठरवा. आवाजावरून अर्धं काम होतं. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकाच जागी ‘खर्र’ होत असेल तर दोष फिरणाऱ्या भागात आहे: रिम वाकडी आहे, आतल्या बाजूला चिकटवलेलं बॅलन्सिंगचं शिसं कॅलिपरला लागतंय किंवा डिस्क मध्यावर बसलेली नाही. आवाज सलग येत असेल तर दोष स्थिर भागात आहे, म्हणजे कॅलिपर किंवा त्याची चौकट चुकीच्या जागी आहे. आणि सरळ जाताना शांत, पण वळणावरच आवाज येत असेल तर अ‍ॅक्सलचं बेअरिंग बघा. वळताना अ‍ॅक्सल शाफ्ट बाजूला सरकतो आणि डिस्क चौकटीला टेकते.

चाक काढून रिमच्या आत बॅटरी मारा. घासल्याची चकचकीत रेघ पूर्ण गोल आहे की एकाच ठिकाणी, आणि ती नळकांड्यावर आहे की नट लागतात त्या तव्यावर, हे लिहून ठेवा. १५ इंची रिम म्हणजे आत १५ इंच मोकळी जागा, असं बरेच जण धरून चालतात. तो आकडा टायरची कडा बसते त्या जागेचा. टायर चढवता यावा म्हणून रिमच्या पोटात जो खोलगट पट्टा असतो, तिथला आतला व्यास बराच कमी भरतो आणि कॅलिपर बहुतेक वेळा तिथेच अडतो. त्यामुळे ‘हा किट १५ इंचात बसतो’ या दुकानदाराच्या वाक्याला तुमची रिम हातात घेऊन मोजल्याशिवाय अर्थ नाही.

आता मोजणी. मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या आणि तिच्या साधारण ८ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कॅलिपरवर तीन ठिकाणी लावा: पुलाच्या सर्वांत उंच जागी, चाकाकडच्या तोंडावर आणि वरच्या कोपऱ्यावर. रिमला आतून तेलाचा हात फिरवा, म्हणजे क्ले तिला चिकटणार नाही. चाक चढवून पाचही नट नीट आवळा. दोन नटांवर चाक तिरकं बसतं आणि माप खोटं येतं. हाताने सावकाश दोन फेऱ्या फिरवा, चाक काढा, क्ले ब्लेडने मधोमध कापून सर्वांत पातळ जागी व्हर्नियर लावा. ३ मिलिमीटरच्या खाली कुठेही भरलं तर ते धोक्याचं. डांबरी रस्त्यावर ३ चालतं, पण आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत शेतापर्यंत गाडी जात असेल तर ५ ठेवा. ही माती रिमच्या पोटात थापली जाते, वाळली की कडक होते आणि तिच्यात अडकलेला खडा कॅलिपरवर आणि रिमवर गोल चर पाडतो. ज्यांची गाडी कोरड्यात शांत असते आणि पावसाळ्यात ओरडते, त्यांचं कारण बहुधा हेच.

तुमच्या बाबतीत खरी मेख त्या वॉशरांत असावी. ब्रॅकेट म्हणजे अ‍ॅक्सलच्या हाउसिंगच्या (बाहेरच्या नळीच्या) फ्लँजला, म्हणजे चपट्या तोंडाला, लागणारी जाड पट्टी, आणि चौकट म्हणजे पॅड ज्यात बसतात ती. या चौकटीच्या मधोमध डिस्क फिरली पाहिजे. पॅड काढून डिस्क आणि चौकट यांच्यातली फट दोन्ही बाजूंनी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. समजा चाकाकडे ४ मिलिमीटर आणि डिफरन्शिअलकडे, म्हणजे गाडीच्या मध्याकडे, १ मिलिमीटर आली. फरक ३, त्याचा अर्धा दीड. म्हणजे चौकट दीड मिलिमीटर आत सरकली की दोन्हीकडे अडीच-अडीच होईल. हे माप तुमच्याकडे असंच निघालं, तर मेकॅनिकने घातलेल्या वॉशरांनीच चौकट बाहेर ढकलली आहे. ते काढले की डिस्क मध्यावर येते आणि कॅलिपर चाकाच्या तव्यापासूनही तेवढाच लांब जातो. फट याच्या उलट निघाली, म्हणजे चौकट बाहेर न्यायला हवी असली, तर शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला, पण त्या हालचालीत चाकाकडची जागा तेवढीच कमी होते. त्यामुळे शिम घातल्यावर क्लेची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायची.

शिम म्हणजे वॉशरांची चवड नव्हे. लोहामंडीतून अर्धा किंवा १ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेसचा पत्रा आणा आणि चौकट ब्रॅकेटवर जेवढी टेकते तेवढ्याच मापाचा तुकडा कापून दोन्ही बोल्टांखाली एकसंध बसवा. गोल वॉशर फक्त बोल्टाभोवती टेकतात, बाकीची चौकट अधांतरी राहते आणि ब्रेक दाबला की डुलते. शिमने जेवढी जाडी वाढली तेवढा बोल्ट आत कमी जातो, म्हणून लांबीही बघा. इथे १०.९ ग्रेडचेच बोल्ट, नवे, थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) लावून, आणि किटबरोबर दिलेल्या टॉर्कला आवळून. हार्डवेअरच्या दुकानातला डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट इथे कधीही नको.

आवाज फेरीला एकदाच येत असेल तर डिस्कची बैठक बघा. हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा) फ्लँज तारेच्या ब्रशने गंज निघून चकचकीत होईतो घासा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्कच्या काठाला तो कितीतरी पटीने वाढून दिसतो. मग डिस्क चढवून नटांनी घट्ट दाबा, डायल गेजचा चुंबक हाउसिंगला लावा आणि डिस्कच्या काठापासून साधारण १० मिलिमीटर आत टोक टेकवून एक फेरी द्या. काटा ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर डिस्क एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजा. उंचवटा डिस्कबरोबर फिरला तर दोष डिस्कचा, हबच्याच जागी राहिला तर फ्लँज वाकलेला. शिवाय डिस्कचं मधलं भोक हबच्या गोलात चपखल बसलं पाहिजे. दुसऱ्या गाडीची डिस्क वापरणाऱ्या किटमध्ये ते भोक कधीकधी मोठं असतं. मग डिस्क नुसती स्टडांवर (चाकाचे नट लागतात त्या आट्यांच्या दांड्यांवर) लोंबते, मध्यापासून ढळते आणि तिचा काठ चौकटीच्या पुलाला लागतो. लेथवाल्याकडून त्या फरकाची रिंग बनवून घेतली की प्रश्न मिटतो.

आता स्पेसर. सगळं जागेवर आणूनही क्ले ३ मिलिमीटरच्या आत भरत असेल, आणि अडचण चाकाच्या तव्याकडे असेल, तरच स्पेसर. पुलाच्या वरची अडचण स्पेसरने क्वचितच सुटते, कारण चाक बाहेर सरकलं तरी रिमचा व्यास काही वाढत नाही. खोलगट पट्टा कॅलिपरच्या पुढे निघून गेला तरच थोडी जागा मिळते. तिथे कॅलिपर लहान घेणं किंवा रिम बदलणं हाच मार्ग. स्पेसर टाकायचाच तर ५ मिलिमीटरच्या आसपास भागवा आणि तो हबच्या गोलात चपखल बसणारा, एकसंध असू द्या. जिप्सीचे स्टड १२ मिलिमीटरचे, सव्वा मिलिमीटर पिचचे, म्हणजे एका फेऱ्याला नट सव्वा मिलिमीटर पुढे जातो. नट निदान स्टडच्या जाडीएवढा, म्हणजे १२ मिलिमीटर चढायला हवा. हाताने फिरवताना मोजा: साधारण १० पूर्ण फेरे झाले पाहिजेत. ६-७ फेऱ्यांत नट टेकला तर लांब स्टड ठोकून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. मेकॅनिक म्हणतो तो १० मिलिमीटरचा स्पेसर मूळच्या स्टडवर टाकला तर नेमकं हेच होईल, आणि चाक निघून जाण्याआधी फारशी सूचनाही मिळणार नाही.

अजून दोन गोष्टी उभ्या गाडीत दिसत नाहीत. चेसिसला जॅक लावून मागची दोन्ही चाकं लोंबू द्या, चेसिसखाली घोड्या ठेवा आणि ब्रेक ऑइलचा होज पाइप बघा: पूर्ण लोंबल्यावर तो ताणला जाता कामा नये. मग गाडी खाली घेऊन मागे वजन टाका आणि पाटे दबल्यावर कॅलिपर, ब्लीडर (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) किंवा पाइप शॉक अ‍ॅब्सॉर्बरला, यू-बोल्टला वा पाट्याला लागतो का ते तपासा. लागत असेल तर बऱ्याच ब्रॅकेटांना फ्लँजवर एक भोक फिरवून बसवता येतं. फिरवल्यावर ब्लीडर सर्वांत वर राहिला पाहिजे एवढं बघा. तो खाली गेला तर कॅलिपरच्या वरच्या पोकळीत हवा अडकून राहते आणि कितीही पंप मारले तरी पेडल कडक होत नाही. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तरी नेमकं हेच होतं.

आणि ज्या गाड्यांत अ‍ॅक्सल बेअरिंगचा रिटेनर (ते जागेवर धरणारी पट्टी) ड्रमच्या बॅकप्लेटच्याच (ड्रममागच्या थाळीच्याच) बोल्टांवर असतो, तिथे काढलेली बॅकप्लेट आणि नवं ब्रॅकेट यांची जाडी व्हर्नियरने ताडून बघा. फरक पडला तर बेअरिंग एकतर जास्त दाबलं जातं, नाहीतर सैल राहतं. वळणावर येणाऱ्या आवाजाचं मूळ अनेकदा इथे असतं.

प्रश्न : डिस्क केल्यापासून कुठेही काही घासताना दिसत नाही, पण १०-१२ किलोमीटर गेलं की मागची चाकं तापतात आणि गाडी जड ओढते. थांबून थंड झाली की पुन्हा मोकळी. पॅड जास्त जाड आहेत का?
— महू

उत्तर : पॅडला दोष देण्याआधी एक साधी चाचणी करा. गाडी तापून जड झाली की मागचं चाक उचला आणि ब्लीडर अर्धा फेरा सैल करा. डोळ्यावर चष्मा असू द्या, ऑइल गरम असतं. चाक लगेच मोकळं झालं तर पाइपात दाब अडकतोय. नाही झालं तर अडचण कॅलिपरमध्येच आहे: सरकत्या पिना सुकल्या आहेत, पॅड चौकटीत आवळून बसलेत किंवा हँडब्रेकची केबल ताणलेली आहे.

दाब अडकत असेल तर मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाकडे, जा. त्याच्या पुश रॉडला १ ते २ मिलिमीटर मोकळी खेळ हवी. ती नसली की पेडल सोडल्यावरही आतला पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं आणि ऑइल तापून फुगलं की त्याला परतायला वाट उरत नाही. तुम्ही सांगता ती ‘थंड झाली की मोकळी’ ही खूण अगदी याचीच. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) असेल तर मास्टरचे दोन नट ३ मिलिमीटर सैल करून बघा. चाक मोकळं झालं की रॉड लांब आहे हे पक्कं.

दुसरं कारण फक्त ड्रम सोडून डिस्कवर आलेल्यांच्या वाट्याला येतं. बऱ्याच जुन्या मास्टर सिलिंडरांत ड्रमच्या बाजूला दाब राखणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो पाइपात साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक) दाब कायम ठेवतो. ड्रममध्ये शू ओढून घेणाऱ्या तगड्या स्प्रिंगा असतात, त्यामुळे चालतं. डिस्कला स्प्रिंग नसते. पिस्टन मागे येतो तो फक्त रबरी सीलच्या पिळाने, तोही मिलिमीटरच्या अगदी बारीक अंशाने. १० पीएसआय त्याला मागे येऊच देत नाहीत. हा व्हॉल्व्ह मागच्या लाइनमधून काढावा लागतो. अपवाद फ्लोअरखाली मास्टर असलेल्या जुन्या जीपांचा. तिथे मास्टर कॅलिपरच्या खालच्या पातळीवर येतो आणि ऑइल मागे उतरू शकतं, म्हणून २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लाइनमध्ये टाकतात.

पिनांना साधं ग्रीस लावू नका. पेट्रोलियमच्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं आणि पिना आणखी अडकतात. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच घ्या, आणि थोडंच लावा.

प्रश्न : माझ्या ३५० सीसी मोटरसायकलला मागे ड्रम होता. दुसऱ्या गाडीची डिस्क आणि कॅलिपर बसवला. चाक तारांचं आहे. कॅलिपर तारांना निसटता लागतो. चाक थोडं चेनच्या बाजूला सरकवलं तर चालेल का?
— रामबाग, इंदूर

उत्तर : नाही. चाक सरकवलं की चेनची रेघ बिघडते आणि मागचं चाक पुढच्याच्या मागे राहत नाही. एक्सलच्या दोन्ही बाजूंचे स्पेसर मूळ मापाचे आहेत का, हे प्रथम बघा. डिस्कच्या बाजूचा स्पेसर अदलाबदलीत हमखास बदलतो. मग चाकाची जागा सुतळीने तपासा: मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून ताणलेल्या दोन सुतळ्या पुढच्या टायरपर्यंत न्या. पुढचा टायर अरुंद असतो, म्हणून दोन्ही सुतळ्यांपासून त्याचं अंतर सारखं आलं पाहिजे. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या हातावरच्या) खुणांवर भिस्त ठेवू नका.

चाक जागेवर असूनही कॅलिपर तारांना लागत असेल तर डिस्कच हबपासून पुरेशी बाहेर नाही. डिस्क आणि हब यांच्यामध्ये लेथवर केलेली एकसंध चकती टाकून डिस्क बाहेर काढा आणि कॅलिपरचं ब्रॅकेटही तेवढंच बाहेर न्या. डिस्कचे बोल्ट त्या मापाने लांब घ्या. तारांपासून कॅलिपर निदान ३ मिलिमीटर लांब राहू द्या, कारण वळणावर तारा लवतात. आणि ब्रॅकेट फिरू नये म्हणून स्विंगआर्मवर जो अडसर असतो तो पक्का वेल्ड केलेला किंवा मूळचाच हवा. दोन क्लिपांवर अडकवलेलं ब्रॅकेट जोरात ब्रेक मारल्यावर फिरून तारांत घुसतं.

खरं सांगायचं तर मोटरसायकलला सुटे भाग जुळवण्यापेक्षा त्याच मॉडेलच्या मागे डिस्क असलेल्या गाडीचा स्विंगआर्म, चाक, कॅलिपर, मास्टर आणि पेडल असा पूर्ण संच बसवावा. खर्च वाढतो, पण मापांची ही सगळी झटापट वाचते.

प्रश्न : हँडब्रेकवाला कॅलिपर बसवला. नवे पॅड घालताना पिस्टन आत जाईना, म्हणून सी-क्लॅम्पने दाबला. आता हँडब्रेक लागत नाही आणि पेडलही खूप खाली जातं.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : हा पिस्टन स्क्रूवर असतो. तो फिरवत फिरवतच आत न्यायचा, त्यासाठी दोन दातांचं हत्यार मिळतं. नुसता दाबला की आतली यंत्रणा तुटते. ती तुटली असेल तर कॅलिपर बदलावा लागेल.

नवा बसवताना क्रम महत्त्वाचा. हँडब्रेकची केबल जोडू नका. आधी हवा काढा, पेडल बऱ्याच वेळा दाबा, मग कॅलिपरवरचा लिव्हर हाताने पुढे-मागे करा, म्हणजे आतला अ‍ॅडजस्टर पॅडपर्यंत येतो. त्यानंतरच केबल जोडा, आणि हँडब्रेक सोडलेला असताना लिव्हर आपल्या अडसराला टेकलाच पाहिजे. केबल ताणून हँडब्रेक घट्ट करायचा मोह होतो, पण लिव्हर अर्धवट ओढलेला राहिला की अ‍ॅडजस्टर चालतच नाही, पॅड दर खेपेला जास्त मागे राहतात आणि पेडल खाली जात राहतं.

प्रश्न : डिस्क केल्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात. ही सवयीची गोष्ट आहे का?
— देवास

उत्तर : सवय करून घेऊ नका. ब्रेक मारताना वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. ती आधी लॉक झाली तर गाडी आडवी फिरते. मागच्या लाइनमध्ये कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाका आणि सपाट, सरळ, रिकाम्या रस्त्यावर कमी वेगापासून सुरुवात करत पुढची चाकं आधी लॉक होईतो मागचा दाब कमी करा. ओल्या रस्त्यावर पुन्हा तपासा. हे झाल्याशिवाय आणि पॅड बसल्याशिवाय, म्हणजे नवे पॅड डिस्कवर घासून तिच्याशी जुळल्याशिवाय, जाम गेट किंवा गणपती घाटासारखा उतार उतरू नका. पॅड असे जुळवण्यासाठी ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेकने दहाएक वेळा वेग कमी करा, मध्ये थोडं चालवून डिस्क गार होऊ द्या, आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका.

प्रश्न : असा बदल कायदेशीर आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. काम करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच ठेवा. अपघातानंतरच्या दाव्यात ब्रेक बदललेले आढळले तर पहिला वाद तिथेच निघतो. किट, बोल्ट आणि लेथच्या कामाची बिलं गाडीच्या कागदांत ठेवा. काढलेले ड्रम, बॅकप्लेट आणि शू भंगारात देऊ नका; मूळ स्थितीत आणायची वेळ आली तर तेच लागतील.